‘अर्थक्वेक’चा गडगडाट: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘अर्थक्वेक’ (1974) या लॉस एंजेलिसच्या भूकंपपटावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिता की, सेन्सराउंड (भूकंपाचा गडगडाट थिएटरात अंगाला जाणवावा म्हणून या सिनेमासाठी बसवलेली ध्वनियंत्रणा) म्हणजे आवाज वाढवून केलेली जाहिरातबाजी, आणि ‘ध्वनीतलं ओ की ठो कळत नाही त्यांनी लिहू नये’. हे दुसरं वाक्य मतभेदाचं नाही, समोरच्याचं तोंड बंद करण्याचं आहे. वीस वर्षं थिएटरांत स्पीकर बसवतोय, एवढंच सांगतो.

एक चूक मान्य. दृश्यपरिणामांचं ऑस्कर विशेष कामगिरीचं होतं, स्पर्धेतलं नव्हे. लेखात दुरुस्ती केली आहे. ध्वनीचं मात्र रीतसर स्पर्धेतलंच.

आता ‘आवाज वाढवला’. आवाज मोठा करणं वेगळं आणि त्याची पट्टी खाली, खर्जात नेणं वेगळं. साधारण 20 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 20 कंपनांच्या, खाली कान हात टेकतात. तिथं छाती आणि खुर्चीचा हात थरथरतो. 20 हर्ट्झची एक लाट 17 मीटर लांब असते. ती उठवायला हवा प्रचंड ढकलावी लागते, म्हणून सर्विन-वेगा कंपनीचे कपाटाएवढे हॉर्न स्पीकर पडद्याखाली आणि मागच्या कोपऱ्यांत ठेवले. काही थिएटरांनी त्यासाठी खुर्च्या काढल्या. शिवाय 35 मिमी प्रिंटच्या ऑप्टिकल ट्रॅकवर (फिल्मच्या कडेच्या आवाजाच्या पट्टीवर) इतका खालचा आवाज धड उतरतच नाही. म्हणून ट्रॅकवर फक्त इशाऱ्याचे सूर होते. ते आले की थिएटरात बसवलेलं यंत्र स्वतः गडगडाट तयार करून अ‍ॅम्प्लिफायरला देई. वाढवायला गडगडाट फिल्मवर होताच कुठे?

याचे तोटेही होतेच. हॉलिवुडच्या चायनीज थिएटरात प्लास्टरचे तुकडे प्रेक्षकांवर पडू नयेत म्हणून छताखाली जाळी बांधावी लागली. एकाच इमारतीत दोन पडदे असले की शेजारच्या प्रेक्षकांचा सिनेमा नासायचा, कारण इतक्या खालच्या लाटा हलकी भिंत अडवू शकत नाही.

तुम्ही सिनेमा लॅपटॉपवर पाहिल्याचं स्वतःच लिहिलंय. त्या बोटभर स्पीकरातून 100 हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच बाहेर पडत नाही. म्हणजे ज्याला नावं ठेवलीत ते तुम्ही ऐकलेलंच नाही, आणि तरी अडाणी मी!

सिनेमातलं धरण फुटणं तुम्हाला ‘फिल्मी’ वाटलं? 1971 च्या सॅन फर्नांडो भूकंपात लोअर व्हॅन नॉर्मन धरणाचा बांध घसरला आणि खालच्या वस्तीतले सुमारे 80,000 लोक हलवावे लागले. मेकअप, संवाद वगैरे बाकीच्या मुद्द्यांत शिरत नाही.

पुन्हा जरूर लिहा. त्याआधी 18 इंची सबवूफर (खर्जाचा स्पीकर) असलेल्या हॉलमध्ये भूकंपाचा प्रसंग लावा आणि तळहात खुर्चीवर टेकवून बसा.