अभिनंदनाचा ठराव आणि मतांचा हिशेब

५ जुलै २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या मुंबईच्या खेळाडूंचा विधानभवनात सत्कार झाला. पाचच महिन्यांनी, ७ डिसेंबरला, त्याच विधानभवनात महाविकास आघाडीच्या आमदारांनी ईव्हीएमवर शंका घेत पहिल्या दिवशी शपथ घ्यायला नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी घेतली. ही शंका ज्या गावावरून पेटली ते आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं, माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी.

सत्कार आणि शंका, दोन्ही लोकप्रतिनिधींची कामंच आहेत. दोन्ही करावीत. पण आपल्याकडे दोन्ही मोघम होतात, आणि माझी तक्रार तेवढीच आहे. अभिनंदनाच्या ठरावात "समाजासाठी मोलाचं योगदान" असं लिहिलं जातं, नेमकं काय केलं ते येत नाही. मतदानाबद्दल "मशीनमध्ये गडबड आहे" असं म्हटलं जातं, पण कुठल्या केंद्रावर, कुठल्या युनिटवर, कुठल्या आकड्यात, ते येत नाही.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी घ्या. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरची रक्कम, त्यातली अर्धी त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्यामागे त्यांचं काम आहे. तीन वाक्यांत सगळं सांगून झालं आणि प्रत्येक वाक्य तपासता येतं. सन्मान असा असावा. आता पुढचा मुद्दा: ५ सप्टेंबरला ज्या जिल्हा परिषद शिक्षकाला आपण शाल-श्रीफळ देतो, तोच शिक्षक निवडणुकीत केंद्राध्यक्ष असतो. मतदारयादीसाठी घरोघर फिरणारे बीएलओ म्हणजे अंगणवाडी सेविका, शिक्षक, तलाठी कार्यालयातली माणसं. त्यांचं वार्षिक मानधन ऑगस्ट २०२५ मध्ये सहा हजारांवरून बारा हजार झालं, म्हणजे महिन्याला हजार रुपये. मतदानावर शंका घेतली की ती आधी या माणसांच्या कामावर येते. म्हणून ती नेमकी असली पाहिजे.

या माणसांचं काम काय असतं ते बघा. सात वाजता मतदान सुरू होणार असेल तर साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे मॉक पोल. किमान दोन उमेदवारांचे प्रतिनिधी समोर हवेत. नसतील तर पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग सुरू करायचं. कमीत कमी ५० मतं, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही. मग यंत्रावरचं क्लोजचं बटण, मग रिझल्टचं, आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते कागदावर छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या काढून आकडा जुळवायचा. त्यानंतर क्लिअर, म्हणजे मॉक पोलची मतं पुसायचं बटण. चिठ्ठ्यांच्या पाठीमागे मॉक पोलचा शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या, पाकीट प्लॅस्टिकच्या डबीत, डबीवर गुलाबी सील. हिरव्या कागदी सीलवर प्रतिनिधींच्या सह्या घेऊन ते कंट्रोल युनिटच्या (मतं साठवणाऱ्या यंत्राच्या) रिझल्टच्या भागावर लावायचं आणि त्याचा नंबर लिहून ठेवायचा.

इथे सगळ्यांत जास्त घोळ कुठे होतो? क्लिअर दाबायचं राहून जातं. मग खऱ्या मतांत मॉक पोलची ५० मतं मिसळतात. मोजणीच्या दिवशी कंट्रोल युनिटचा आकडा केंद्राच्या हिशेबापेक्षा तेवढाच जास्त येतो आणि टेबलावर आरडाओरडा सुरू होतो. अशा वेळी नियम असा आहे की ते यंत्र बाजूला ठेवायचं. विजयाचं अंतर अशा बाजूला ठेवलेल्या केंद्रांच्या एकूण मतांइतकं किंवा त्याहून कमी असेल तर तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजायच्या, त्यात मॉक पोलच्या राहिल्या असतील तर त्या वजा करून. म्हणजे घोळ झाला तरी उत्तर कागदावर मिळतं. प्रत्येक न जुळणारा आकडा चोरीचा नसतो. रजिस्टरवर, म्हणजे नमुना १७-ए वर, सही करून बटण न दाबता निघून गेलेला मतदारही फरक आणतो.

व्हीव्हीपॅट बंद पडण्याचं कारणही बहुतेक साधं असतं. डोक्यावर थेट बल्ब किंवा खिडकीचं ऊन असलं की आतला सेन्सर चुकतो. मागचा नॉब वाहतुकीच्या स्थितीतून कामाच्या स्थितीत न फिरवताच जोडणी केली की त्रुटी दाखवते. कंट्रोल युनिट बंद न करता केबल काढली किंवा लावली की तेच. फक्त व्हीव्हीपॅट बिघडला तर तेवढाच बदलतात. कंट्रोल किंवा बॅलेट युनिट (मतदार बटण दाबतो ते) बिघडलं तर पूर्ण संच बदलतात आणि नव्या संचावर प्रत्येक उमेदवाराला एक मत टाकून पुन्हा तपासतात. ७ मे २०२४ ला सांगोला तालुक्यात एका केंद्रावर मतदाराने ईव्हीएम पेटवलं होतं. तिथेही यंत्र बदलून मतदान पुन्हा सुरू झालं. त्या केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांची आठवण कुठल्या ठरावात आली?

बटण दाबल्यावर काचेतून चिठ्ठी सात सेकंद दिसते: क्रमांक, नाव, चिन्ह. दुसऱ्याच कुणाचं नाव दिसलं तर तिथेच, केंद्राच्या बाहेर पडायच्या आत, केंद्राध्यक्षांना सांगायचं. निवडणूक नियमांतल्या नियम ४९-एमए प्रमाणे लेखी घोषणा घेऊन प्रतिनिधींसमोर चाचणी मत घेतात. तक्रार खरी निघाली तर मतदान थांबतं. खोटी निघाली तर खोट्या घोषणेबद्दल कारवाई होते. बाहेर येऊन मोबाईलवर व्हिडिओ केला तर ही वाट कायमची बंद होते. आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे अशा मतदारासाठीची कागदी मतपत्रिका, मागा. ती मोजणीत येत नाही, पण पाकिटात जपली जाते आणि याचिकेत पुरावा म्हणून उभी राहते.

सगळ्यात मोलाचा कागद मात्र नमुना १७-सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्यात यंत्रांचे क्रमांक, रजिस्टरवरची मतदारसंख्या, यंत्रातली एकूण मतं, सीलचे नंबर भरतात आणि हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला त्याची साक्षांकित प्रत देतात, पोच घेऊन. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मतदानाचा संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के यावरून केवढं वादळ उठलं! तेव्हा पाच वाजताचा आकडा हा फोनवरून गोळा केलेला अंदाज होता, आणि सहाला रांगेत असलेल्या प्रत्येकाला शेवटून चिठ्ठ्या वाटून मत देऊ देतात, हे खरं. पण शंका घेणाऱ्या पक्षाकडे मतदारसंघातल्या सगळ्या केंद्रांच्या १७-सी असतील तर त्याच रात्री बेरीज करून खरा आकडा काढता येतो. किती पक्षांचे प्रतिनिधी शेवटपर्यंत बसतात? दुपारी जेवायला गेलेला परतत नाही, आणि संध्याकाळी सही करून प्रत घ्यायला कुणीच नसतं. सभागृहात ईव्हीएमवर बोलणाऱ्या प्रत्येक आमदाराला माझा पहिला प्रश्न हाच आहे: तुमच्या मतदारसंघाच्या किती १७-सी तुमच्याकडे आहेत?

आता मारकडवाडी. तिथे विधानसभेला भाजपचे राम सातपुते यांना १००३ आणि राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे उत्तमराव जानकर यांना ८४३ मतं नोंदली गेली. जानकरांच्या बाजूच्या गावकऱ्यांचं म्हणणं, सातपुतेंना एवढी आघाडी आमच्या गावात असूच शकत नाही. ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं त्यांनी ठरवलं, प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान झालं नाही, गुन्हे दाखल झाले. ८ तारखेला शरद पवार तिथे येऊन गेले. माझं मत स्पष्ट आहे: ते फेरमतदान झालं असतं तरी त्याने काही सिद्ध झालं नसतं. गावासमोर, कॅमेऱ्यांसमोर, निकाल कळल्यावर दिलेलं मत गुप्त राहत नाही. पण गावाला उत्तर मिळायला हवं होतं, आणि ते सीलबंद व्हीव्हीपॅटच्या पेटीत होतं.

निकालानंतर गावकऱ्यांना ते काढायची वाटच कायद्यात नव्हती. गंमत नाही, खरंच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालाने यंत्रातली चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, तपासायची मुभा दिली, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची. पण फक्त दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, निकालानंतर सात दिवसांत, पैसे भरून. जानकर तर जिंकले होते, १३,१४७ मतांनी. निवडणूक याचिका कुठलाही मतदार ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करू शकतो, अनामत दोन हजार. पण याचिका निवडून आलेल्याच्या विरोधात असते आणि मूळ निकालावर परिणाम झाला हे दाखवावं लागतं. आपलाच माणूस जिंकला, पण आपल्या गावचा आकडा पटत नाही, अशा मतदारांसाठी दारच नाही. याच्यावर बोला ना. कुठल्याही गावातल्या ठरावीक संख्येच्या मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली तर त्या केंद्राच्या चिठ्ठ्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर मोजाव्यात, एवढी तरतूद मागा. हजार-बाराशे चिठ्ठ्या मोजायला काही तास पुरतात.

सध्या प्रत्येक विधानसभा मतदारसंघात सोडत काढून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात, सर्वोच्च न्यायालयाच्या ८ एप्रिल २०१९ च्या आदेशाप्रमाणे. आपल्या जिल्ह्यातले अकरा मतदारसंघ धरले तर ५५ केंद्रं. मोठ्या अंतराच्या निकालाला हे पुरतं. पण सांगोल्यात २०१९ ला शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी जिंकले. ७६८ म्हणजे एका केंद्रावरच्या मतांपेक्षाही कमी! इतक्या अटीतटीच्या ठिकाणी सगळ्याच चिठ्ठ्या मोजाव्यात, हे मागायला यंत्रावर अविश्वास असायची गरज नाही. याच सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि त्यात कागदी मतपत्रिका आणि ईव्हीएम दोन्ही काळ येतात. मतपत्रिका परत आणा म्हणणाऱ्यांनी बाद मतं आठवावीत: दोन उमेदवारांच्या रेषेवर पडलेला शिक्का, घडी घालताना उमटलेली ओली शाई, आणि त्यावर टेबलाटेबलाला चाललेली हुज्जत. मी चिठ्ठीच्या मोजणीच्या बाजूने आहे, मतपत्रिकेच्या नाही.

लोकसभा-विधानसभेचा कायदा संसदेचा, असं म्हणून आमदार हात झटकू शकतात. पण महापालिका आणि जिल्हा परिषदांचं काय? राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-झेडए प्रमाणे नगरपालिका-महापालिकांच्या निवडणुकीबद्दल कायदा करायचा अधिकार राज्य विधिमंडळालाच आहे. आणि याच निवडणुकांत व्हीव्हीपॅट नाही! १५ जानेवारी २०२६ ला सोलापूर महापालिकेच्या १०२ जागांसाठी मतदान झालं ते चिठ्ठीविना. राज्य निवडणूक आयोगाची अडचण खोटी नाही: चार सदस्यांच्या प्रभागात एक मतदार चार मतं देतो, आणि एका मतदाराला एकच चिठ्ठी छापणारं यंत्र तिथे चालत नाही. पण अडचण तांत्रिक आहे, म्हणून उत्तरही तांत्रिकच शोधायचं. वर्षानुवर्षं "बसत नाही" एवढंच ऐकायचं का?

जिल्ह्यातल्या अकरांपैकी कुठल्याही आमदाराला महापालिका अधिनियमात दुरुस्ती सुचवणारं अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराचं विधेयक, मांडता येईल. त्यात एवढं हवं: अ, ब, क, ड प्रत्येक जागेच्या मताची स्वतंत्र चिठ्ठी, जागेचं अक्षर ठळक छापलेलं आणि वेगळी कापली जाणारी, मोजणीच्या दिवशी सोडत काढून प्रत्येक प्रभागातल्या किमान दोन केंद्रांची चिठ्ठीमोजणी, आणि प्रत्येक केंद्राचा एकूण मतांचा हिशेब मतदान संपताच प्रतिनिधींना द्यायचा आणि त्याच रात्री केंद्राच्या दारावर लावायचा. अभिनंदनाचा ठराव आणायचाच असेल तर तो त्याच अधिवेशनात आणा, त्या दारावर कागद लावणाऱ्या केंद्राध्यक्षांसाठी आणि यादी घेऊन फिरणाऱ्या बीएलओंसाठी. तालुकावार किती केंद्रं, किती कर्मचारी, किती संच बदलले आणि किती वेळात बदलले, हे आकडे त्यात घाला.