आनंद आपल्याला दिसतो तो भास्करमुळे

परवा थिएटरला एक बायोपिक बघून आले, नाव नको, पण तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. अडीच तास तो मोठा माणूस समोर होता, प्रत्येक सीनमध्ये तोच, स्लो मोशनमध्ये चालतोय, भाषण देतोय, मागे ढोल वाजतायत, आणि घरी आल्यावर आईने विचारलं कसा होता गं तो माणूस, तर मला दोन वाक्यं सांगता येईनात. मग रात्री आम्ही दोघींनी आनंद लावला, कितव्यांदा ते मोजलेलं नाही, आणि तेव्हा कळलं काय खटकत होतं ते. त्या बायोपिकमध्ये त्या माणसाकडे कोणी बघतच नव्हतं. नुसता कॅमेरा होता.

आनंद १९७१ चा, हृषिकेश मुखर्जींचा. सुरुवात आठवा ना, आनंद कुठेच नाहीये, डॉ. भास्कर बॅनर्जीला त्याच्या पुस्तकासाठी बक्षीस मिळतंय, आणि ते पुस्तक म्हणजे त्याची डायरी. आणि हा भास्कर कसा, तर आतून चिडलेला, गरीब वस्तीत जाऊन पेशंट तपासतो आणि त्याला पक्कं माहितीये की यांचा खरा आजार उपासमार आहे आणि त्यावर आपल्या बॅगेत काही नाही. अशा माणसासमोर आतड्याचा कॅन्सर झालेला, जेमतेम सहा महिने उरलेला एक बडबड्या येऊन बसतो. आता मनापासून सांगते, आनंद एकटा असता ना तर ती बडबड अर्ध्या तासात डोक्यात गेली असती. कोणालाही रस्त्यात गाठायचं, मुरारीलाल म्हणून हाक मारायची, हे सगळं आपल्याला गोड वाटतं कारण शेजारी भास्कर गप्प उभा आहे आणि त्याने रिपोर्ट वाचलेत. आपण हसतो आनंदमुळे आणि पोटात खड्डा पडतो तो भास्करकडे बघून. (आणि आपली किती माणसं आहेत हो त्यात, रमेश देव आणि सीमाताई, खऱ्या आयुष्यातलं जोडपं पडद्यावरही नवरा-बायको, शिवाय ललिता पवार, दुर्गा खोटे. मला दर वेळी भरून येतं.)

दुसरा मला कायम आठवतो तो अमाडेउस, १९८४ चा, मिलोश फोरमनचा. गोष्ट मोत्झार्टची पण सांगतो कोण, तर त्याच्याच काळातला दुसरा संगीतकार, म्हातारा सालिएरी, वेड्यांच्या इस्पितळातून, एका तरुण पाद्र्याला. पियानोवर आधी स्वतःच्या चाली वाजवून दाखवतो, एकेकाळी गाजलेल्या, पाद्र्याला एकही ओळखता येत नाही. मग अजून एक वाजवतो आणि पाद्री खुलतो, पुढची चाल स्वतःच गुणगुणायला लागतो, म्हणतो ही तुमची होय! ती मोत्झार्टची असते. मोत्झार्ट अजून नीट समोर आलेलाही नाही आणि तो केवढा मोठा हे एका पडलेल्या चेहऱ्यावरून कळलेलं असतं.

आणि तो वह्यांचा सीन. मोत्झार्टची बायको त्याची हस्तलिखितं घेऊन सालिएरीकडे येते, सांगते की या नकला नाहीत, याच मूळ प्रती. कुठे खाडाखोड नाही. तो पानं उलटतो, प्रत्येक पानावरचं संगीत आपल्याला ऐकू येतं, आणि शेवटी त्याच्या हातातून सगळी पानं खाली पडतात. या पिक्चरमधला मोत्झार्ट कसा आहे, खिदळणारा, अचकट विचकट बोलणारा पोरगा, त्याच्याकडे बघून कोणाला वाटेल की हा एवढा मोठा? ते फक्त सालिएरीला ऐकू येतं. देवाने त्याला ते ओळखायचा कान दिला आणि तसं रचायची ताकद दिली नाही, त्याचं सगळं जळणं तिथलं आहे. ऑस्करला बेस्ट अ‍ॅक्टरसाठी दोघंही नॉमिनेट झाले होते, टॉम हल्स आणि एफ. मरे अब्राहम, आणि मिळालं सालिएरी झालेल्या अब्राहमला. मला ते फार योग्य वाटतं.

एक गोष्ट मात्र मला टोचते. पिक्चरमध्ये सालिएरी म्हणतो की मोत्झार्टचा जीव मीच घेतला, पण खऱ्या सालिएरीने तसं केलं याला काही पुरावा नाही, तो बेथोव्हेन आणि शूबर्टचा गुरू होता, मोत्झार्टच्या धाकट्या मुलालाही त्याने शिकवलं. पिक्चर महान आहे पण एका खऱ्या माणसाचं नाव त्यात कायमचं काळं झालं, याचं वाईट वाटायलाच पाहिजे.

शॉशँक रिडेम्प्शनचंही तेच, अँडी तुरुंगात नवा आलेला कैदी आणि त्याची गोष्ट सांगणारा रेड तिथला जुना. अँडी पहिल्याच रात्री रडेल अशी रेड सिगारेटींची पैज लावतो आणि हरतो. अँडीकडच्या छोट्या हातोडीने भुयार खणायला सहाशे वर्षं लागतील असं रेडला वाटलेलं असतं, अँडी वीस वर्षांच्या आत खणून जातो. हे आपल्याला रेडबरोबरच कळतं म्हणून अंगावर काटा येतो. अँडीनेच सगळं सांगितलं असतं तर नुसता पळून जायचा प्लॅन उरला असता.

म्हणजे बघणाऱ्याचं काहीतरी पणाला लागलेलं असावं लागतं. नुसता मागून आवाज देणारा निवेदक बसवून काही होत नाही, आजकाल तेही फार झालंय.

परत आनंदकडे येते. आनंद जातो तेव्हा भास्कर तिथे नसतो. तो औषध आणायला गेलेला असतो, होमिओपॅथीचं, ज्याच्यावर त्याचा स्वतःचा विश्वासही नाही. पोचतो तोवर संपलेलं असतं, आणि मग तो मेलेल्या माणसावर ओरडतो की बोल माझ्याशी, आणि त्या दोघांच्या आवाजाची आधी भरलेली टेप सुरू होते. ज्याने सगळी गोष्ट लिहिली त्यालाच शेवट बघायला मिळाला नाही.

त्या सीनला आईने टीव्ही पॉज केला. म्हणाली मीपण खाली मेडिकलमध्ये इंजेक्शन आणायला गेले होते, दहा मिनिटं लागली असतील, वर आले तर नर्स पडदा ओढत होती. तिच्या वडलांबद्दल बोलत होती. मला हे माहितीच नव्हतं, इतक्या वर्षांत कधी बोलली नाही. मग दीड वाजेपर्यंत ती आजोबांचंच सांगत बसली, पिक्चर तसाच थांबलेला. मी आजोबांना बघितलेलं नाही, घरात त्यांचा एकच फोटो आहे, कोटातला, कडक. पण ते रोज जेवायच्या आधी पोळीचा पहिला तुकडा घेऊन दारात जायचे आणि गल्लीतल्या कुत्र्याला या साहेब म्हणून हाक मारायचे, हे आता मला माहितीये.