पस्तीस इंची हौस

कोलोरॅडोत पिकअप घेतलेल्या माणसाला साधारण पहिला हिवाळा संपला की आपल्या गाडीचे टायर लहान दिसायला लागतात. कालपर्यंत बरे असतात. मग कुणाच्या तरी ड्राइव्हवेत ते जाडजूड, खाचाखाचांचे टायर दिसतात आणि हा माणूस घरी येऊन स्वतःच्या गाडीला प्रदक्षिणा घालायला लागतो, दोन पावलं मागे जाऊन मान वाकडी करून बघतो, आणि जेवताना विषय काढतो. आमच्याकडे हा विषय भेंडीच्या भाजीबरोबर निघाला आणि पुढचे काही महिने पानावरून उठलाच नाही.

"फक्त टायर तर बदलायचेत," नवरा म्हणाला.

गाडी सेकंडहँड, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी. मूळचे टायर 265/70 आर 17. म्हणजे रुंदी 265 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 70 टक्के आणि आतली रिम 17 इंची, हे सगळं इंचात आणून मांडलं की टायरची एकूण उंची 31.6 इंच भरते. मी अकाउंट्सचं काम करते. मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच ओळीत घातलेला कागद माझ्याकडे कुणी क्लायंटने आणला असता तर मी दारातूनच परत पाठवला असता, पण जगभर टायर असेच विकले जातात. तर नवऱ्याला पाहिजे होते 35 इंची. साडेतीन इंचांनी काय आभाळ कोसळतंय, असं त्याचं म्हणणं.

आभाळ नाही कोसळलं, गाडीच वर गेली. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की नवे टायर आतल्या प्लॅस्टिकला घासायला लागले म्हणून गाडी अडीच इंच उचलली, उचलली म्हणून अलाइनमेंट आलं, स्टेपनी नवीन मापाची घेतली तर ती हौद्याच्या खालच्या जागेत मावेना म्हणून हौद्यातच आडवी पडली आणि मंडळाच्या गणपतीला टेबलं न्यायची म्हटलं की आधी ती उतरवायची. सांगलीहून सासू-सासरे आलेले. आईंना गाडीत चढायला प्लॅस्टिकचं स्टूल लागायचं. देवळापुढे गाडी थांबली की आधी दार उघडायचं, मग स्टूल खाली यायचं, मग आई. लोकांना वाटायचं कुणीतरी मोठी पाहुणी आलीय.

घराजवळच्या रस्त्याला ताशी 25 मैलांची मर्यादा आहे आणि तिथे येणाऱ्या गाडीचा वेग दाखवणारा सोलरवरचा बोर्ड आहे. गाडीत 25 दिसायचे, बोर्डावर 28 लुकलुकायचे. नवऱ्याने बोर्ड बिघडलाय असं जाहीर केलं. नंतरही रोज जाता-येता तो बोर्डाला काहीतरी बोलायचा.

अहो, बोर्ड कशाला बिघडेल. टायर बदललेत हे गाडीला कोण सांगणार? ती बिचारी फेरे मोजते आणि प्रत्येक फेऱ्यात पूर्वीइतकंच अंतर कापलं असं धरून चालते. 35 भागिले 31.6 म्हणजे 1.1076, अकरा टक्के फरक. काट्यावर 65 असताना गाडी 72ने पळत असते. (टायरवर 35 लिहिलेलं असलं तरी मोजपट्टीवर बहुतेक वेळा थोडं कमीच भरतं, पण टायरवाल्याशी अर्ध्या इंचावरून भांडायला मी काही गेले नाही.) आणि नुसता वेगच नाही, मैलही कमी मोजले जातात. मायलेज 18चं साडेचौदावर आलं म्हणून नवरा दोन दिवस मुकाट जेवत होता. मी साडेचौदाला 1.1076ने गुणून दिलं, 16 आले. एका गुणाकारात गॅलनमागे दीड मैल मिळवून दिला, त्याचं आमच्या घरात कुणी नाव घेत नाही.

पण हे सगळं वरवरचं. खरं दुखणं मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या, पोटात. तिथे क्राउन आणि पिनियन असे दोन गिअर असतात, आमच्या गाडीत 39 दात आणि 11 दात, भागाकार 3.55, यालाच रेशो म्हणतात. म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट साडेतीन फेऱ्यांहून थोडं जास्त फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. आता चाकच मोठं केलं तर त्याच एका फेऱ्यात गाडीला जास्त लांब ढकलायचं आलं, तेही तेवढ्याच ताकदीत. इंजिनाच्या दृष्टीने 3.55चे झाले 3.2. आणि यातली मजा अशी, की गाडी शोधताना आम्ही 3.21वाला एक स्वस्त ट्रक बघितला होता. नवऱ्याने तो तिथल्या तिथे नापास केला, म्हणे हा हायवेवर पेट्रोल वाचवायचा रेशो, ओढायला दम नाही. त्याच रेशोला तो आता टायर, लिफ्ट आणि अलाइनमेंटचे पैसे भरून पोचला होता.

ते कळलं आय-70वर, म्हणजे डेन्व्हरहून डोंगरात चढणाऱ्या हायवेवर. डेन्व्हर 5,280 फुटांवर, आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर. टर्बो नसलेलं इंजिन विरळ हवेत हजार फुटांमागे साधारण 3 टक्के ताकद घालवतं, म्हणजे बोगद्यापाशी पोचेपर्यंत एक तृतीयांश इंजिन गायब. उरलेल्याने प्रत्येकी वीसेक पौंड जास्त वजनाचे टायर फिरवायचे. आमच्या गिअरबॉक्सला आठ गिअर आहेत, त्यातला आठवा आता नुसता शोभेचा. सातवा पडायचा, लगेच धक्का देऊन सहावा, मग पाचवा, इंजिन भोकाड पसरायचं, जरा सपाटी आली की परत सातवा, परत धक्का. डब्यातली मठ्ठ्याची बाटली माझ्या मांडीवर होती, ती मी दोन्ही हातांनी धरलेली. उजवीकडून मिनीव्हॅन जात होत्या. एका मिनीव्हॅनच्या टपावर दोन सायकली आणि मागे ट्रेलर होता, तीही गेली. नवरा म्हणाला, "गिअरबॉक्स शिकतंय अजून."

मागच्या सीटवर अण्णा होते. अण्णा म्हणजे सासरे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. कुंभार्ली घाट चढणाऱ्या भरल्या गाड्यांचं पोट उघडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. इतका वेळ ते काही बोलले नव्हते, नुसतं ऐकत होते, डोळे मिटून. बोगद्यात शिरल्यावर म्हणाले, "क्राउन-पिनियन कितीचं आहे रे?"

तेव्हा खात्रीने कुणालाच माहीत नव्हतं. 3.55 ही जाहिरातीतली गोष्ट. आधीच्या मालकाने काही उचापत केली असली तर? डिफरेन्शियलच्या, म्हणजे हे गिअर असतात त्या डब्याच्या, झाकणावर पत्र्याची चकती असायला हवी, ती इथल्या हिवाळी रस्त्यांवर मारतात त्या क्षारांनी खाऊन टाकलेली. नवरा फोनवर शोधायला लागला तर अण्णांनी नातीचा रस्त्यावर चित्रं काढायचा जाड गुलाबी खडू मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्राइव्हवेत पुढच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावले, गाडी न्यूट्रलला, मागचं एकच चाक जॅकने उचलून खाली स्टँड. नवरा म्हणाला, "अहो अण्णा, दोन्ही उचलू ना." अण्णा म्हणाले, "एकच उचल आणि दोन फेरे मार. दुसरं चाक जमिनीवर घट्ट आहे, मग हे दोनदा फिरलं की क्राउन एकदा फिरतो. एवढं पण शिकवलं नाही का तुमच्या कॉलेजात?" नवरा मेकॅनिकल इंजिनिअर आहे हे इथे सांगायला हवं, जरी तो गेली कित्येक वर्षं सॉफ्टवेअरचं खातो. टायरवर एक गुलाबी रेघ, शाफ्टवर एक गुलाबी रेघ. मी योगाच्या मॅटवर उताणी होऊन गाडीखाली, अण्णा चाकापाशी उकिडवे, टायर इंचाइंचाने फिरवतायत आणि मी खालून ओरडतेय, एक, दोन, तीन, आणि शाफ्टवरची रेघ खालच्या बाजूला येऊन अर्ध्या फेऱ्याच्या किंचित पुढे थांबली. पाऊण झाला असता तर 3.73. साडेतीनच्या जरा पुढे, म्हणजे 3.55. जाहिरात खरी निघाली याचं नवऱ्याला इतकं बरं वाटलं की आता पुढे काय करायचं हे तो क्षणभर विसरला.

पुढे काय, तर गिअर बदलायचे. मूळचा दम परत पाहिजे तर 3.55 गुणिले 1.1076, म्हणजे 3.93 च्या आसपास. वजन वाढलंय आणि राहायचं डोंगरात, म्हणून त्याच्या थोडं वर जायचं. सल्ले मात्र लग्नात जमतात तसे जमले. एक मित्र म्हणाला 4.56 घाल, दुसरा 4.88, तिसरा म्हणाला काही करू नकोस, सवय होते. सवय त्याला होईल हो, मठ्ठा माझ्या मांडीवर असतो! मी कागदावर मांडलं. 4.10 घेतला, म्हणजे 41 दात आणि 10 दात, तर 65 मैलांना आठव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण 1,700 फेऱ्यांवर येतं. कंपनीने दिलं तेव्हा 1,650च्या आसपास होतं, टायर मोठे केल्यावर 1,500च्या खाली गेलेलं. 4.56 घेतला तर 1,900. अण्णांनी कागद लांब धरून वाचला आणि 4.10 वर बोट ठेवलं. मला नोकरीत एवढ्या पटकन मंजुरी कधी मिळालेली नाही.

मग वर्कशॉपवाल्याने आकडा सांगितला, अडीच हजार डॉलर, आणि नवऱ्याने एक मधला मार्ग काढला. मागचा ॲक्सल आत्ता करू, पुढचा दिवाळीनंतर. "कर की," अण्णा म्हणाले, "फोर बाय फोर लावलंस की पुढची चाकं मिरजेला निघतील आणि मागची कोल्हापूरला, तू मध्ये बस." दोन्ही ॲक्सलचा रेशो एकच लागतो, नाहीतर पकड असलेल्या रस्त्यावर दोन्ही एकमेकांशी भांडून काहीतरी मोडतं. अडीच हजार दोन्हींचे होते. गिअर स्वतः तसे फार महाग नसतात, पैसे हाताचे असतात. दातांना पिवळा रंग फासून फिरवायचे, रंग कुठे पुसला जातो ते बघायचं, पातळ चकत्या घालायच्या-काढायच्या, दातांमधली फट इंचाच्या हजाराव्या भागात मोजायची. माझं मत विचाराल तर हा खर्च टायरच्या बिलावरच छापून यायला हवा. पण तसं केलं तर टायर कोण घेईल?

गाडी आली, कॉम्प्युटरला नवे टायर आणि नवा रेशो दोन्ही सांगून झालं, बोर्डावर आणि गाडीत एकच आकडा दिसायला लागला. बोर्डाची कुणी माफी मागितली नाही. वर्कशॉपने सांगितलं पहिले 500 मैल जपून, ट्रेलर ओढायचा नाही, सुरुवातीला पंधरा-वीस मैल चालवून अर्धा तास थंड होऊ द्यायची, नंतर ॲक्सलचं ऑइल बदलायचं. म्हणजे पंधरा मैल जायचं आणि कुठल्या तरी पार्किंग लॉटमध्ये अर्धा तास बसायचं. आईंनी त्यात भाजी निवडून घेतली.

अण्णा मात्र आता बिझी आहेत. समोरच्या घरातल्याने खडूचा प्रकार खिडकीतून बघितला होता, त्याच्याही ट्रकला 35 आहेत आणि तोही म्हणे गेले वर्षभर गिअरबॉक्स शिकायची वाट बघतोय. अण्णांना इंग्रजी बेताचं, त्याला मराठी शून्य, पण बोटं दोघांनाही आहेत. त्याने त्याचा मेव्हणा पाठवला, मेव्हण्याने ऑफिसमधला कुणीतरी. शनिवारी सकाळी आमच्या ड्राइव्हवेत ट्रक उभे असतात आणि नात खडूचे रंग वाटते. काल अण्णांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सूनबाई, ते परतीचं तिकीट महिनाभर पुढे ढकलायला किती पैसे पडतात गं?"