शाळा जर्मनीत, तोंडी परीक्षा नाशकात

आमची कन्या दहावी झाली आणि एक्स्चेंज स्टुडंट म्हणून वर्षभरासाठी जर्मनीला गेली. शाळा तिची बदलली, परीक्षा मात्र आम्ही देतोय. प्रश्न एकच, आणि पेपर सगळ्या नातेवाइकांत आधीच फुटलेला: "वर्ष वाया नाही का जाणार?"

गंगापूर रोडला राहून दहावीनंतर मुलीला कुठल्याच क्लासला न घालणं म्हणजे वाळीत टाकण्याजोगा गुन्हा. आत्याबाई खास पंचवटीहून रिक्षा करून आल्या. ह्यांनी त्यांना पार इतिहासापासून समजावलं. महायुद्धांत रुग्णवाहिका चालवणाऱ्या अमेरिकन फील्ड सर्व्हिसच्या स्वयंसेवकांनी १९४७ मध्ये शाळकरी मुलांची अशी देवाणघेवाण सुरू केली. मुलं एकमेकांच्या घरात राहिली, जेवली, तर उद्या एकमेकांवर बंदुका रोखणार नाहीत, वगैरे. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाल्या, "युद्धाचं ठीक आहे रे, अकरावीचं काय?"

बॅग भरताना सासूबाईंचं साजूक तूप आणि पेढे बाहेर निघाले. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. "आणि त्यांची चॉकलेटं आपण मुकाट खायची!" असं म्हणत त्यांनी तुपाच्या जागी चिवड्याचं आणखी एक पाकीट कोंबलं. तो चिवडा तिथल्या घरच्यांना फार आवडला म्हणे. सकाळी वाडग्यात घेतला, वर थंड दूध ओतलं आणि चमच्याने खाल्ला. तुमच्याकडची न्याहारी रोज इतकी तिखट असते का, एवढीच त्या माउलीची शंका होती.

शाळेच्या पहिल्या दिवशी सर वर्गात आले आणि आमची कन्या ताडकन उभी राहिली. एकटीच. बाकीची मुलं मांडी खाजवत, पाणी पीत बसलेली. सरांना वाटलं हिला बाहेर जायचंय. त्यांनी अदबीने दार उघडून धरलं. आता एवढं दार उघडून धरलंय तर नाही कसं म्हणायचं, म्हणून ही गेली आणि कॉरिडॉरमध्ये पाच मिनिटं नोटीस बोर्ड वाचून परत आली. संस्कार नडतात ते असे.

मग गणिताची चाचणी झाली. तिकडे १ ही सगळ्यात वरची श्रेणी आणि ६ सगळ्यात खालची. हे आम्हाला ठाऊक, सोसायटीला नाही. ह्यांना आनंद आवरेना. खाली पार्किंगमध्येच जाहीर करून टाकलं, "गणितात एक मिळाला!" क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग शेजारच्या काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "परकी भाषा आहे, होतं असं. पोर सुखरूप आहे ना, बास." मी सगळा खुलासा केला. काकू मान हलवत राहिल्या, पण ती मान पटल्याची नव्हती. संध्याकाळी त्यांच्याकडून साबुदाण्याची खिचडी आली, डब्यावर लिंबाची फोड. घरात काही वाईट घडलं की त्या खिचडीच पाठवतात. पुढच्या चाचणीत २ मिळाला, म्हणजे घसरलीच ती. काकूंना वाटलं दुप्पट प्रगती झाली. अभिनंदन करून गेल्या. आम्ही गप्प बसलो.

उन्हाळ्यात वर्ग फार तापला तर तिथल्या काही शाळा मुलांना लवकर घरी सोडतात. फार म्हणजे किती, तर सत्तावीस-अठ्ठावीस अंश. चाळिशी पार करणाऱ्या आमच्या मे महिन्यात ज्यांनी जन्मभर कुरडया घातल्या, त्या सासूबाई हे ऐकून इतक्या हसल्या की कवळी हातात घ्यावी लागली.

खरा घोळ झाला तो प्रगतिपुस्तकात. इथे दहा वर्षं प्रत्येक पालकसभेत मी मान खाली घालून ऐकलं होतं: "हुशार आहे, पण वर्गात फार बोलते." तिथल्या बाईंचा शेरा आला: "हुशार आहे, पण वर्गात बोलत नाही." आणि तिकडे वर्गातल्या बोलण्यालाही मार्क असतात, बऱ्याचदा लेखी परीक्षेइतकेच मोलाचे. म्हणजे ज्या गुणासाठी इथे बाकावर उभं केलं, त्याच्याच अभावी तिथे श्रेणी गेली ४ वर!

रात्री व्हिडिओ कॉलवर चौकशी समिती बसली. बोलायचं असेल तर तिकडे तर्जनी वर करायची असते, असं तिने सांगितलं.

"बोट?" सासूबाई फोनमध्ये घुसल्या. "अगं, बोट वर केलं की बाहेर सोडतात. करंगळी, नाही का?"

"आजी, इथे करंगळी नाही, हे बोट. आणि सोडत नाहीत, उत्तर विचारतात."

"मग जायचं असलं की काय करता?"

याचा विचार तिने केलेला नव्हता. परवा इतिहासाच्या तासाला तिने पहिल्यांदाच आपणहून बोट वर केलं. बाईंना कोण आनंद! सगळ्या वर्गाला थांबवून त्यांनी हिला बोलायला सांगितलं. नेमकं तेव्हाच तिला खरोखर बाहेर जायचं होतं. पण बाईंचा चेहरा बघून ती बिस्मार्कवर चार वाक्यं बोलली आणि मग पळाली.