साहेबांना उलट फोन लावायची मुभा द्या आधी

पुण्याजवळ भोसरी, चाकण, तळवडे साइडला वर्कशॉपवाल्यांशी सायबर सिक्युरिटीचा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आमच्याकडे काय आहे हो चोरायला?" मी कॉम्प्युटरच्या एएमसीची (वर्षभराच्या देखभालीची) कामं करतो, त्यामुळे हे ऐकून ऐकून कान किटलेत. अहो शेठ, चोरायला कोण येतंय, तुमचं हिशोबाचं टॅली आणि ड्रॉइंगच्या फाइली लॉक करतात आणि तुमचाच डेटा तुम्हालाच विकायला बसतात.

जग्वार लँड रोव्हरचं बघा, टाटांचीच ब्रिटनमधली कार कंपनी. सप्टेंबर 2025 मध्ये सायबर हल्ल्यामुळे तिकडचं प्रॉडक्शन महिनाभराहून जास्त बंद होतं. कंपनी मोठी, तिने कसंबसं निभावलं, पण पार्ट पुरवणाऱ्या छोट्या सप्लायर्सचा जीव मेटाकुटीला आला, आणि त्यांचं स्वतःचं तर काही हॅकसुद्धा झालं नव्हतं. शेवटी ब्रिटिश सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली. एकाच मोठ्या कस्टमरवर पोट असलेल्या आपल्या अर्ध्या एमआयडीसीने हे वाचलं तरी आहे का, शंकाच आहे.

पण मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. 2022 मध्ये इथेच पुण्यात, सीरमसारख्या लस बनवणाऱ्या कंपनीला तिच्याच साहेबांच्या, अदर पूनावालांच्या नावाने व्हॉट्सअॅप मेसेज करून कोटीभर रुपयांना गंडवलं. सर्व्हर हॅक नाही, व्हायरस नाही, फक्त मेसेज! आणि 2024 ला अरुप नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरिंग कंपनीच्या हाँगकाँग ऑफिसमधल्या माणसाने व्हिडिओ कॉलवर साहेब आणि सहकारी बघितले, ऐकले, मग पैसे पाठवले. ते सगळे चेहरे एआयने बनवलेले. अडीच कोटी डॉलर गेले. म्हणजे आता आवाज ओळखीचा आहे, चेहरा दिसतोय, याला काही अर्थ राहिला नाही.

आणि आपल्याकडे अकाउंट्सला बसलेल्या मुलीची काय हिंमत आहे साहेबांना उलट फोन करून विचारायची, की सर हे तुम्हीच सांगितलंत ना? विचारलं तर "सांगितलं तेवढं कर, डोकं लावू नको" हे ऐकायचं. माझ्या मते सगळ्यात मोठं भोक हे आहे, आणि ते कुठल्याच अँटीव्हायरसने बुजत नाही. एकदा सगळ्या स्टाफसमोर मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगावं, की माझ्या नावाने अर्जंट पेमेंटचा मेसेज आला तर मला फोन लावायचा, मी मीटिंगमध्ये असलो, चिडलो, तरी लावायचा. व्हेंडरचा "आमचं बँक खातं बदललंय" असा मेल आला तर त्याच मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्या जुन्या फाइलमधल्या नंबरवर विचारायचं. ठरावीक रकमेच्या वर दोघांनी ओके केल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. खर्च शून्य.

बाकीचं नेहमीचंच, मेलला आणि बँकिंगला टू-फॅक्टर (पासवर्डवर ओटीपीसारखी दुसरी खात्री) लावा, क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स न घेता फुकटात चालवलेलं सॉफ्टवेअर काढा (हो, तेच, ज्याचं नाव घेतलं की सगळे हसतात), आणि बॅकअपची हार्डडिस्क चोवीस तास पीसीला लावून ठेवू नका, रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा तो व्हायरस, तीही लॉक करतं.

अजून एक, सुट्टीचं. कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये हल्ला झाला, एकूण 94 कोटी गेले, त्यातले एटीएममधून निघाले ते 11 तारखेला, दुसऱ्या शनिवारी, बँक बंद असताना. आपल्याकडे गुरुवारची सुट्टी, म्हणून बुधवारी रात्री एनीडेस्क (लांबून पीसी चालवायचं सॉफ्टवेअर) चालू ठेवून घरी जाणारे कितीतरी जण मला माहीत आहेत.

आणि काही झालंच तर घाबरून फॉरमॅट मारू नका, पुरावा जातो सगळा. आधी नेटची वायर काढा, पैसे गेले असतील तर लगेच बँक आणि 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेला, सहा तासांत कळवायचा नियम 2022 पासून आहे, तुमच्या सीएला माहीत आहे का ते विचारा.