थेंब कुठला?

आमची जीप १९४४ सालची, फोर्डने बनवलेली. जीप मूळची विलीज या अमेरिकन कंपनीची; तिच्याच आराखड्यावरून युद्धात फोर्डनेही जीप काढल्या; दोघांच्या मिळून १९४१ ते १९४५ मध्ये सहा लाखांवर. आपली कुणाची हे ओळखायचं तर बोल्टाचं डोकं पुसून बघायचं, फोर्डच्या बोल्टावर 'एफ' असतो. आमच्याकडे तो कुणाला दाखवता येत नाही, कारण चिंधी बाजूला करेपर्यंत वरून तेल आलेलं असतं.

साधं तेल असतं तर एवढं काही नव्हतं. हे गिअर ऑईल, नव्वद नंबरचं. चिकट, आणि गंधकाचा असा वास की हाताला लागलं तर जेवताना भाजी कुठली आहे ते विचारावं लागतं. बायकोने "अहो, तुळशीपाशी तरी नका लावू ती" एवढीच अट घातली होती. जीप तिथून हलवली, डाग राहिला.

कोल्हापुरात कुणी गाडीखाली आडवा झाला की हां हां म्हणता गल्ली गोळा होते. खालून माणसं चपलांवरून ओळखायची. करकर वाजणारी कापशी म्हणजे शेजारचे काका, बँकेतून रिटायर झालेले. त्यांचं निदान ठरलेलं: "इंजिनाचं मागचं सील," म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतून तेल बाहेर येऊ न देणारी कडी. रबरी स्लीपर म्हणजे कोपऱ्यावरचा दूधवाला, त्याच्या मते पॅकिंग. पांढरे बूट कुणाचे ते कळलं नाही, पण "विकून टाका" हा आवाज तिकडूनच आला.

काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बेल हाऊसिंग असतं. त्याच्या तळाला भोक असतं, आत जमलेलं तेल बाहेर पडावं म्हणून. जीप खोल पाण्यातून न्यायची असेल तेव्हा सैनिक ते बुजवत. तिथून तेल येतंय एवढ्यावरून ते इंजिनाचं की गिअरबॉक्सचं हे ठरत नाही. बोटावर घेऊन बघावं लागतं. इंजिन ऑईल काळं आणि पातळ, गिअर ऑईल नाकाला लगेच कळतं. मी भोकात बोट घालून वास घेतला. कोरडं. काका म्हणाले, "आज नसेल गळत."

मग उद्यमनगरातून मिस्त्री आले. आमच्या भागातले सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस असते, इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी. तिच्या मागे हँडब्रेकचा ड्रम असतो. तो तेलाने माखलेला बघून त्यांनी झटक्यात निकाल दिला, "सील गेलंय मागचं, दुसरं काय न्हाई." आमचा हँडब्रेक का लागत नाही आणि चाकाला वीट का लावावी लागते, तेही त्यातच कळलं. सील मिळायला अडचण नव्हती. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जीप जोडायला घेतल्या आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या जीपमध्ये हीच ट्रान्स्फर केस राहिली, त्यामुळे बरेच सुटे भाग अजून दुकानात सापडतात. सील बदललं, ड्रम धुतला, वीट काढली. आठवड्याभरात वीट परत लागली.

यात मिस्त्रींना दोष देण्यात अर्थ नाही. चालत्या गाडीखालचा वारा तेल मागे ढकलतो, फिरता ड्रम ते चहूकडे उडवतो, आणि खालच्या लोखंडी पत्र्यावर सगळं साचून जिथून सोयीचं असेल तिथून टपकतं. जमिनीवरचा डाग बघून गळती शोधणाऱ्याला जन्मभर डागच सापडायचे.

त्यात तेलाची पातळी बघायला प्लग उघडला तर नवीनच भानगड. गिअरबॉक्समध्ये पाऊण लिटरच्या आसपास तेल मावतं, ट्रान्स्फर केसमध्ये त्याच्या दुप्पट. गिअरबॉक्समध्ये बोट घातलं, तेल लागेना. ट्रान्स्फर केसचा प्लग सैल केला तर तेल भळाभळा माझ्या बाहीतून थेट काखेत. दोघांच्या मधली बेअरिंग झिजली की तेल इकडून तिकडे मुक्काम हलवतं. म्हणजे एकीकडे उपासमार आणि दुसरीकडे अजीर्ण, आणि आम्ही मात्र गळतंय म्हणून वरून भर घालतोय.

"वस्ताद, आता?"

"आता धुवायचं," वस्ताद म्हणाले. "समदं. आदी धुतलंच न्हाई आपण."

सगळं पोट डिझेलने धुतलं, वाळवलं, दोन्हीकडची पातळी बरोबर केली. मग वस्तादांनी पावडर मागितली. घरातला डबा घेऊन मी खाली सरकलो आणि ट्रान्स्फर केसच्या पाठीवर चाफ्याच्या वासाची पावडर फासली. जीप पंचगंगेच्या घाटापर्यंत फिरवून आणली, लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवली, टॉर्च लावली. नवं सील पांढरं स्वच्छ. त्याच्या शेजारी मधल्या शाफ्टचं टोक केसच्या बाहेर डोकावतं, एका छोट्या पट्टीने अडवलेलं. त्या टोकाभोवती नखाएवढी ओली चंद्रकोर, आणि तिच्यातून पावडरीत उतरलेली एक बारीक रेघ, सरळ ड्रमकडे. शाफ्ट आणि केसचं बिडाचं अंग यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीतून सगळा कारभार चालला होता.

वस्ताद बराच वेळ बघत राहिले. "लई हुशार हाय," म्हणाले. कोण, ते विचारलं नाही. पट्टी काढून, फट कोरडी करून त्यांनी तिथे सीलंट भरलं, रात्रभर सुकू दिलं.

आता खाली पुठ्ठा घातला तरी कोरडा निघतो. वीट मोलकरणीने नेली. संध्याकाळी बाहेर पडलो तर काकांच्या नव्या कोऱ्या गाडीखाली चांगलं ओंजळभर काहीतरी सांडलेलं. "एसीचं पाणी आहे हो," काका घाईघाईने म्हणाले. तरी मी वाकून बोट लावलं आणि वास घेतला.

पाणीच होतं. जरा वाईट वाटलं.