‘बोर्ड आतच तर जातो, कोण बघतंय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

इंटेलच्या एच६१० (स्वस्तातला) आणि बी७६० (त्याच्या वरचा) या चिपसेटच्या, म्हणजे बाकीचे भाग प्रोसेसरशी जोडणाऱ्या चिपच्या, मदरबोर्डांवरचा माझा लेख वाचून तुम्ही सडेतोड लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: काम प्रोसेसर करतो, बोर्ड नाही. एच६१० वर तोच प्रोसेसर तेवढाच पळतो. लेआउट, म्हणजे बोर्डावरच्या भागांची मांडणी, ही नुसती दिसायची गोष्ट, बोर्ड कॅबिनेटच्या आत जातो, कोण बघतंय? आणि डिझाइनच्या मशीनला बी७६० घ्या या माझ्या सल्ल्यामुळं कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या वर्कशॉपवाल्याला विनाकारण चार-पाच हजारांचा भुर्दंड बसतो. तुम्ही स्वतः पीसी असेंब्लीचं काम करता, म्हणून वरवरचं उत्तर न देता सविस्तर लिहितो.

आधी पटलं ते सांगतो. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात बिलिंग करायचंय, एक एसएसडी, रॅमची एक कांडी, प्रिंटर आणि बारकोड स्कॅनर एवढाच संसार आहे, तर एच६१० बिनधास्त लावा. तिथं बी७६० विकणं मलाही मान्य नाही. पण लेख बिलिंगच्या मशीनबद्दल नव्हता. दिवसभर मोल्डचं डिझाइन, संध्याकाळी टूलपाथ (कापणाऱ्या हत्याराचा मार्ग) कॅल्क्युलेशनला लावून घरी जायचं, अशा कॅड-कॅमच्या मशीनबद्दल होता. तिथं तुमचं पहिलंच विधान टिकत नाही.

‘तोच प्रोसेसर तेवढाच पळतो’ हे आय५ १२४०० पर्यंत बऱ्याच अंशी खरं आहे. त्याची कमाल टर्बो पॉवर (पूर्ण जोरात पळताना लागणारी वीज) ११७ वॉट, ती साधा बोर्डही निभावून नेतो. आय७ १३७०० घ्या. खोक्यावर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण टर्बोमध्ये हाच प्रोसेसर २१९ वॉटपर्यंत जातो. ही वीज सॉकेटशेजारच्या मॉस्फेट आणि कॉइलमधून, म्हणजे प्रोसेसरला हवी तशी वीज करून देणाऱ्या व्हीआरएममधून येते. स्वस्तातल्या बऱ्याच एच६१० बोर्डांवर हे मॉस्फेट उघडेच असतात, वर हीटसिंकचा पत्राही नसतो. सुरुवातीची काही मिनिटं मशीन झकास पळतं. बेंचमार्कही तेवढाच वेळ चालतो, म्हणून आकडे सारखे दिसतात. तासाभराच्या टूलपाथला बसवलं की मॉस्फेट तापतात आणि बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली ओढतो. तुमच्याकडं असं मशीन आलं तर एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून लोड चालू असताना क्लॉकचा (वेगाचा) आकडा आणि व्हीआर थर्मलची (व्हीआरएम तापल्याची) ओळ बघत बसा. गिऱ्हाईक म्हणतं ‘दुपारनंतर स्लो होतंय’, आपण विंडोज पुन्हा टाकतो, आणि दुखणं तिथंच राहतं.

मात्र बी७६० लिहिलंय म्हणजे व्हीआरएम चांगलाच, असंही समजू नका. तो चिपसेटचा गुण नाही, बोर्ड बनवणाऱ्यानं त्यात काय घातलंय त्याचा आहे. रडके बी७६० बोर्डही बाजारात आहेत. म्हणून मी लेखात चिपसेट आणि लेआउट हे दोन वेगळे भाग केले होते.

चिपसेटकडून नेमकं काय मिळतं ते बघू. १२व्या, १३व्या, १४व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स कार्डच्या १६ लेन (डेटा जायच्या वाटा) सोडून एसएसडीसाठी पीसीआयई ४.० च्या ४ लेन थेट असतात. एच६१० वर ती वाट बंदच ठेवलेली आहे. तिथली एम.२ (एसएसडीची खाच) चिपसेटमधून येते, तीही पीसीआयई ३.० वर, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३.९ जीबीच्या आसपास. बी७६० वर पहिली एम.२ थेट प्रोसेसरला जोडलेली मिळते आणि मर्यादा जवळपास दुप्पट होते. पण मला वेगापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यातला रस्ता दोन्ही बोर्डांवर ४ लेनचाच आहे. साटा डिस्क, यूएसबी, नेटवर्क सगळं त्याच रस्त्यानं जातं. मुख्य एसएसडी त्या गर्दीतून बाहेर पडली की बॅकअप चालू असतानाही डिझाइनमधल्या असेंब्लीची मोठी फाईल अडखळत नाही.

रॅमचंही तसंच. एच६१० ला एका चॅनेलवर एकच स्लॉट, म्हणजे एकूण दोन. आज ८-८ च्या दोन कांड्या घातल्या आणि वर्षभरानं ३२ जीबी लागली, तर आधीच्या दोन्ही काढून विकायच्या. चार स्लॉटच्या बोर्डावर नुसती भर घालता येते. बोर्डात वाचवलेले पैसे इथं बरेचसे परत जातात. शिवाय एच६१० वर रॅम ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवता येत नाही, त्यामुळं ३६०० ची डीडीआर४ कांडी ३२०० वरच चालते. गिऱ्हाईकानं मात्र ३६०० चे पैसे मोजलेले असतात.

आता लेआउट. ‘कोण बघतंय’ या वाक्याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण उद्या मशीन दुरुस्तीला आलं की तुम्हीच बघणार आहात. पूर्ण मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ बाय २४४ मिलिमीटरचा. पैसे वाचवायला कंपन्या तो अरुंद करतात, मग उजव्या कडेला स्क्रूची भोकंच राहत नाहीत. नेमकं त्याच कडेला २४ पिनचं पॉवर कनेक्टर आणि रॅमचे स्लॉट असतात. कनेक्टर दाबताना ती मोकळी कड खाली वाकते, कॅबिनेटच्या पत्र्याकडं जाते. रॅम बसवताना पुन्हा तेच. अंगठ्याखाली बोर्ड लवताना जाणवतो. असा बोर्ड हातात आला तर रॅम बाहेरच, सपाट टेबलावर बसवून घ्या, आणि २४ पिनचं कनेक्टर लावताना कडेखाली बोटाचा आधार द्या.

स्लॉटचा क्रमही बघा. अडीच स्लॉट जाडीचं ग्राफिक्स कार्ड खालचे दोन स्लॉट झाकून टाकतं. वर्कशॉपमध्ये याला महत्त्व आहे, कारण आपल्या शिरोली, गोकुळ शिरगाव पट्ट्यात आरएस-२३२ वरून प्रोग्रॅम घेणारी जुनी सीएनसी मशीनं अजून कामावर आहेत. त्यांना सिरीयल पोर्ट लागतो. सिरीयल कार्ड घालावं तर छोटा एक्स१ स्लॉट ग्राफिक्स कार्डाखाली गेलेला. यूएसबी कन्व्हर्टर लावावा, तर ड्रिप फीड (मशीनला प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यानं पाठवणं) चालू असताना काही स्वस्त कन्व्हर्टर मध्येच तुटतात आणि जॉब अर्ध्या कटवर थांबतो. इथं बाजू तुमची आहे, दादा: ऑफिससाठी काढलेल्या कित्येक साध्या एच६१० बोर्डांवर कॉम (सिरीयल) पोर्टचं ९ पिनचं हेडर, म्हणजे केबल लावायच्या पिनांचा संच, असतं, आणि महागड्या गेमिंग बोर्डावर ते नसतं. निव्वळ मशीनला प्रोग्रॅम पाठवायला पीसी हवा असेल तर मी हेडरवाला साधा बोर्डच निवडेन. फक्त त्याच्या ब्रॅकेटच्या केबलची जोडणी दोन प्रकारची येते, ती बोर्डाच्या मॅन्युअलमधल्या पिनांशी ताडून घ्या.

काळ्या धुळीचं तर तुम्हाला सांगायला नको. बिडाची बारीक भुकटी ज्या शेडमध्ये उडते, तिथं सहा महिन्यांत कॅबिनेट उघडावं लागतं. एम.२ ग्राफिक्स कार्डाखाली, कार्डाचं लॉक कूलरच्या आड, साटाचे उभे पोर्ट लांब कार्डाच्या टोकाशी, असा बोर्ड असला की साधी साफसफाई अर्धा दिवस खाते. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.

हे सगळं दुकानात खोकं बघून कळत नाही. बोर्ड घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून घ्या. एम.२ च्या तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की अमुक स्लॉट भरला तर तमुक साटा पोर्ट बंद. लांब दिसणाऱ्या दुसऱ्या स्लॉटला आत ४ लेन आहेत की १, तेही तिथंच. राजारामपुरीत काउंटरवर उभं राहूनही मोबाईलवर हे पाच मिनिटांत बघता येतं.

तुम्ही शेवटी विचारलं होतं, ‘मग डिझायनरला घ्यायचं काय?’ आय५ आणि बिनकार्डाचं मशीन असेल तर चार रॅम स्लॉटचा, पूर्ण रुंदीचा साधा बी७६०. आय७ असेल तर तोच, पण सॉकेटच्या दोन्ही बाजूंना हीटसिंक असलेला. तुम्ही नेहमी लावता त्या एच६१० बोर्डाचं पूर्ण मॉडेल, रिव्हिजनच्या आकड्यासकट, खाली लिहा. मी मॅन्युअल काढून त्याच्या व्हीआरएम, हेडर आणि स्क्रूच्या भोकांबद्दल इथंच लिहितो.